आत्याच्या वाटची पानं

ही घटना खरी आहे. माझ्याकडे पुरावा नाही, आणि पुराव्याशिवाय बोलायची मला सवयही नाही. तरी लिहिते आहे.

मी एका रुग्णालयात लोकांचे कान तपासते. आवाज कुठून आला, केवढा होता, खरंच आला की आल्यासारखा वाटला, दिवसभर माझं हेच काम. त्यामुळे खाली जे आवाज लिहिले आहेत ते मी ऐकले म्हणून लिहिले आहेत. वाटले म्हणून नाही.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. रविवार, दिवेलागणीची वेळ. जागा माझ्या आत्याचं घर. तिसरा मजला, खाली बेकरी, जिना अरुंद. बाहेरच्या खोलीत एक लांब टेबल आणि त्याभोवती चार खुर्च्या.

त्यातल्या दोन रिकाम्या होत्या. एक आत्याची.

आधी त्या टेबलाबद्दल सांगायला हवं.

आत्या शिवणकाम करायची. ते तिचं कापड बेतायचं टेबल. रविवारी दुपारी कापडं उचलली जायची आणि तिथे पोकरचा डाव बसायचा. आत्या, आतोबा, मी आणि खालचा बेकरीवाला. पैसे लावायचे नाहीत हे आधीपासून ठरलेलं. पैशांऐवजी आत्याच्या डब्यातली बटणं. प्रत्येकाची बटणं आपापल्या वाटीत, आणि उठताना वाट्या तशाच कपाटात. पुढच्या रविवारी तिथूनच पुढे सुरू. म्हणजे खरं तर आमचा एकच डाव वर्षानुवर्षं चालला होता.

आतोबांचं आयुष्य चष्म्याची भिंगं घासण्यात गेलं. बोटं अजून तशीच, हलकी आणि सावध. बेकरीवाल्याला आत्या ‘फुग्या’ म्हणायची. चांगली पानं आली की तो छाती फुगवायचा, आणि वाईट आली की जास्तच फुगवायचा. मला ती ‘मुकी’ म्हणायची. कारण सांगायची गरज नाही.

आमचा खेळ साधा होता. सुरुवातीला प्रत्येकाने एक बटण मध्ये टाकायचं. पाच पानं मिळायची, बदलून मिळायची नाहीत. मग एकेकाची पाळी. बोली वाढवायची असेल तर बटणं पुढे सरकवायची. वाढवायची नसेल, पण डावात राहायचं असेल, तर बोटांची पेरं टेबलावर दोनदा ठोकायची.

ठक ठक.

म्हणजे, मी आहे. पुढे चला.

कोणीच बोली वाढवली नाही तर सगळ्यांनी पानं उघडायची आणि ज्याची मोठी त्याची बटणं. पण एकाने बोली वाढवली की नुसतं ठोकून भागत नाही. तेवढी बटणं लावा, नाहीतर पानं टाका.

आणखी एक नियम होता, आत्याने केलेला. खेळताना मध्येच गिऱ्हाईक यायचं आणि तिला माप घ्यायला उठावं लागायचं. तेव्हा ती सांगून जायची, “माझ्या वाटची पानं पडू देत. पाळी आली की मुकी टाकेल.” उठलेल्या माणसाचं एक बटण जायचं, पण खुर्ची त्याचीच राहायची.

आत्यासारखा ब्लफ मारणारं माणूस मी पुन्हा पाहिलं नाही. हातात काही नसताना ती कोटाची मोठी बटणं लावलेले दोन-तीन डाव मारून न्यायची. तिच्यासमोर माझा ब्लफ मात्र एकदाही चालला नाही.

“मुके, तू ब्लफ कधी मारतेस माहितीये? तुझ्याकडे काही नसतं तेव्हा.”

“मग कधी मारायचा?”

“समोरचा घाबरलेला असतो तेव्हा. आपल्या पानांचा त्याच्याशी काही संबंध नाही. त्याला काय गमवायचं नाहीये ते बघ.”

“वहिनी, हे आम्हाला कधी शिकवलं नाहीत,” बेकरीवाला म्हणायचा.

“तुला कशाला शिकवू? तुझ्याच बटणांवर तर माझं घर चाललंय.”

हिवाळ्याच्या दोनेक महिने आधी आत्या गेली. आजार लहानसाच होता, असं आम्ही सगळे एकमेकांना सांगत होतो.

काही आठवडे कोणी पत्त्यांचं नाव काढलं नाही. मग एका रविवारी बेकरीवाला पाव घेऊन वर आला आणि नुसताच उभा राहिला. आतोबांनी कपाटातून कॅट काढला. पिसला. वाटायला लागले.

एक पान बेकरीवाल्याला. एक मला. एक रिकाम्या खुर्चीपुढे. एक स्वतःला.

दुसरी फेरी वाटतानाही तेच. हात सवयीने चालला होता. तिसऱ्या फेरीला त्यांच्या लक्षात आलं आणि ते थांबले.



“राहू देत भाऊ,” शेवटी बेकरीवाला म्हणाला. “वहिनींची वाटी भरलेलीच आहे. काढून कुणाला देणार?”

मग असं ठरलं की तिच्या वाटची पानं पडू द्यायची. दर डावाला तिचं एक बटण जाईल, आणि एक दिवस वाटी रिकामी होईल. त्या दिवशी खुर्ची उचलायची.

त्याच रात्री माझ्या आतेभावाने, दादाने, फोन केला. तो लांब राहतो, बायको-मुलीसह. बाबांनी आता एकटं राहू नये, आपल्याकडे यावं, असं त्याचं म्हणणं. आतोबांनी त्याला सांगितलं होतं, “तिची बटणं संपू देत. मग येतो.”

“हा काय प्रकार आहे?” दादाने हसत मला विचारलं.

“संपतील,” मी म्हणाले.

मी ते शांतपणे म्हणाले. पण माझे आई-वडील कधीच गेलेले. आतोबा निघून गेल्यावर त्या शहरात माझं असं कोणी उरणार नव्हतं. शनिवारी दुपारी रुग्णालयातून निघाले की रविवारपर्यंत माझ्याशी कोणी बोलायचं नाही. आणि रविवारही हातचा गेला, की मग सरळ सोमवारचा पहिला रुग्ण.

वाटी कमी होत होती. मी दर रविवारी आत्याची पानं उचलून मध्ये टाकत होते. न बघता. टाकलेली पानं बघायची नाहीत, हाही तिचाच नियम.

मग तो रविवार आला.

बाहेर अंधारून आलं होतं. दिवा नुकताच लावला होता. आतोबांनी पानं वाटली. बेकरीवाल्याने ठोकलं. मी ठोकलं. पाळी आत्याची आली. मी डावीकडे हात लांबवला, तिची पानं उचलायला...

ठक ठक.

माझा हात तिथेच थांबला.

आवाज टेबलाच्या लाकडाचा होता. हाडाचा, बोटाच्या पेराचा. नखाचा नाही.

मी आतोबांकडे पाहिलं. ते आपल्या पानांकडे बघत होते. बेकरीवाला खिडकीकडे बघत होता. कोणीतरी केलं असेल, मी मनात म्हणाले. गंमत म्हणून. किंवा गंमत म्हणून नाही. मी हात मागे घेतला.

आतोबांनी ठोकलं. सगळ्यांची पानं उघडली. आत्याची मी उघडली. दोन राजे. आमच्या कोणाकडे जोडीसुद्धा नव्हती.

बटणं तिच्या वाटीत गेली.

“वहिनी अजून ऐकत नाहीत,” बेकरीवाला हसून म्हणाला. पण त्याची छाती फुगली नव्हती.

पुढच्या डावाला पुन्हा... ठक ठक. त्याच्या पुढच्यालाही.

त्या संध्याकाळनंतर वाटी कमी होणं थांबलं. ती कधी हरायची, कधी जिंकायची, जसे आपण सगळेच. बटणं जात होती आणि परत येत होती. त्याबद्दल आम्ही तिघं एक शब्द बोलत नव्हतो. तिच्या पाळीला मी हात लांबवायचंही सोडून दिलं. नुसतं थांबायचं. थोडा वेळ शांतता. मग तो आवाज.

हे कसं सहन केलं असं तुम्ही विचाराल. भीती वाटली नाही असं नाही. पण मला वाटत होतं की मला सगळं माहिती आहे.

कान तपासताना आम्ही माणसाला बंद खोलीत बसवतो. आवाज आला की बटण दाबायचं, एवढंच त्याचं काम. काही माणसं आवाज नसतानाही बटण दाबतात. खोटं बोलत नसतात ती. वाट बघत असतात. अशी माणसं बहुतेक करून एकटी राहणारी असतात, हे माझं निरीक्षण आहे, शास्त्र नाही.

मला वाटलं आतोबांचंही तसंच काहीतरी झालंय. टेबलाखालून ठोकत असतील. त्यांना जायचं नाहीये, आणि मुलाला नाही म्हणवत नाहीये. म्हणून हा ब्लफ. आणि मी तो चालू दिला, कारण ते गेलेले मलाही नको होते.

बेकरीवाला आधी सुटला. एका रविवारी तो वर आलाच नाही. मी निघताना खाली दुकानात डोकावले. तो रिकाम्या फळ्या पुसत होता.

“गुडघे दुखतात हो ताई. जिना झेपत नाही.”

“दिवसभर उभे असता तेव्हा नाही दुखत?”

त्याने फडकं पिळलं. पुन्हा पिळलं.

“ताई, मागच्या खेपेला मी पानं बघितलीच नाहीत. नुसते हात बघत बसलो होतो. तुमचे आणि भाऊंचे. दोघांचेही टेबलाच्या वर होते.”

“मग?”

“मग काय. पाव घेऊन जा. ताजा आहे.”

मी पाव घेतला. त्याच्या बोलण्याचा विचार केला नाही. माणूस घाबरला की नीट बघत नाही, एवढंच म्हणाले स्वतःला.

आता आम्ही दोघंच. आणि ती वाटी.

आतोबा मात्र उतरत चालले होते. त्यांचा सदरा सैल पडायला लागला. एकदा मी गेले तर स्वयंपाकघरात दुधाचं भांडं करपून काळं झालेलं, आणि ते बाहेर टेबलाशी बसलेले. एकदा त्यांची बाही वर सरकली आणि कोपरापासून मनगटापर्यंतचा हिरवा-निळा डाग मला दिसला.

“हे काय?”

“जिन्यात जरा पाय सटकला.”

“मला सांगितलं का नाहीत?”

“तू काय करणार होतीस? जिना रुंद करणार होतीस?”

दादाचा फोन आला. या वेळी तो हसत नव्हता. “बाबा तिथे पडून राहतील एखाद दिवस, आणि कोणाला कळणारही नाही. खालचा बेकरीवालासुद्धा वर जात नाही म्हणे आता. ती बटणं का संपत नाहीत गं? तू असतेस ना तिथे? तू सांग ना त्यांना.”

मी हो म्हणाले.

आणि म्हणून त्या रविवारी मी ठरवून गेले. सुरुवातीला ज्या रविवारचं सांगितलं, तो हाच.

दिवा लावला. पानं वाटली. माझी पाळी आली, मी ठोकलं. आत्याची पाळी आली. आम्ही थांबलो, नेहमीसारखे. आणि तो आवाज यायच्या आत मी बोलले.

“आतोबा, आता ठोकणं बंद करा.”

त्यांनी मान वर केली.

“मी?”

“मला राग नाही. पण दादाकडे जायला हवं तुम्ही. तुम्ही ठोकता म्हणून तिची वाटी संपत नाही.”

ते माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर चोरी पकडल्यासारखं काही नव्हतं. उलट कीव होती. माझी.

“पोरी,” ते म्हणाले, “मला वाटलं तू ठोकतेस.”

मी हातातली पानं टेबलावर पालथी ठेवली.

“पहिल्या दिवसापासून वाटलं. तुझ्या बाजूनेच येतो आवाज. म्हटलं, हिला मी जायला नकोय. हिचं कोणी नाही दुसरं. करू दे. म्हणून राहिलो इतके दिवस. नाहीतर कधीच गेलो असतो गं.”

खालून बेकरीचं शटर पडल्याचा आवाज आला. मग तोही थांबला.

“हात द्या,” मी म्हणाले.

त्यांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले, पालथे. मी माझे दोन्ही हात त्यांच्यावर ठेवले. दाबून. त्यांची बोटं गार होती. पाय आम्ही दोघांनीही खुर्चीच्या खालच्या दांडीवर उचलून घेतले. चार हात माझ्या डोळ्यांसमोर. पाळी आत्याची.

काही नाही.

काहीच नाही.

मी श्वास सोडला...

ठक ठक.

मी या कामात बरीच वर्षं आहे. आवाज कोणत्या बाजूने आला हे डोळे मिटूनही सांगू शकते. तो माझ्या डावीकडून आला होता. टेबलाच्या काठापासून वीतभर आत, जिथे त्या खुर्चीत बसलेल्या माणसाचा उजवा हात येईल तिथून. आणि तो नुसता ऐकू आला नाही. लाकडातून माझ्या तळहातांना लागला.

मी मान वर केली. आतोबांचा चेहरा...

इतक्या महिन्यांत मी तो चेहरा असा पाहिला नव्हता. उजळला होता.

“आहे,” ते हळूच म्हणाले. “ती आहे इथे.”

“आतोबा.”

“मग आता मी कुठे जाऊ? सांग त्याला, बाबा येत नाहीत म्हणावं. ती एकटी बसेल का इथे?”

त्या क्षणी मला सगळ्यात जास्त भीती वाटली. त्या आवाजाची नाही. त्यांच्या त्या उजळलेल्या तोंडाची, मनगटापर्यंतच्या त्या डागाची आणि करपलेल्या भांड्याची. हिवाळा अजून अर्धा उरला होता. ते या टेबलाशी बसून राहिले असते. कधीतरी एका रविवारी मी जिना चढून आले असते आणि दार आतून उघडलं गेलं नसतं.

आणि मला आत्ताही कबूल करायला हवं की दुसरं मनही होतं. ते म्हणत होतं, असू दे. दर रविवारी तू येशील, दोघंही इथे असतील. तुला आणखी काय हवं?

मी हात काढून घेतले. कॅट गोळा केला. पिसला.

“मी वाटते.”

पाच त्यांना. पाच मला. पाच आत्याला. मधे तिघांचं एकेक बटण.

मी माझी पानं उचलली. चौकट दश्शी, किलवर अठ्ठी, आणि बाकी त्याहून लहान. जोडी नाही, काही नाही. पहिली पाळी मी माझीच घेतली.

मी ठोकलं नाही.

माझी वाटी उचलली आणि सगळीच्या सगळी बटणं टेबलाच्या मधोमध ओतली. काही घरंगळत तिच्या पानांपर्यंत गेली.

आतोबा दचकले. आत्या गेल्यापासून त्या टेबलावर कोणी बोली वाढवली नव्हती. तिच्याविरुद्ध कशी वाढवणार?

“आता ठोकून चालणार नाही,” मी म्हणाले. मी त्यांच्याशी बोलत नव्हते. “लावायची असतील तर सगळी लाव. नाहीतर पानं टाक. आणि टाकलीस तर आतोबा दादाकडे जातील.”

“अगं...”

“तिने लावली तर मी पुन्हा हा विषय काढणार नाही, आतोबा. शब्द देते.”

मग मी त्या खुर्चीकडे वळले. मला एवढं बोलायची सवय नाही. पण बोलले. आवाज एका पट्टीत ठेवून, सावकाश. आतोबा जिन्यात पडले ते सांगितलं. दूध करपलं ते सांगितलं. रात्री जेवतात की नाही मला माहिती नाही, असं सांगितलं. माझी पानं फार चांगली आहेत असा एक शब्दही बोलले नाही. बोलायची गरज नव्हती. माझ्या पानांचा त्याच्याशी काही संबंध नव्हता.

“पाळी तुझी आहे, आत्या.”

आम्ही थांबलो.

शांतता म्हणजे आवाज नसणं, असं लोकांना वाटतं. तसं नसतं. कितीही शांत खोली असली तरी काहीतरी असतंच. पाइपातलं पाणी. दिव्याची गुणगुण. आपलंच रक्त. मी ते एकेक ऐकत होते. मग एकेक ऐकू येईनासं झालं. पाणी. दिवा. आतोबांचा श्वासही. कानावर जाड कापड दाबल्यासारखं. रुग्णालयातल्या त्या बंद खोलीतही मी इतकी शांतता कधी ऐकली नव्हती...

सर्र.

तिची पानं सरकली.

पाचही, एकत्र, पालथी. टेबलाच्या काठापासून मधल्या बटणांपर्यंत. वाऱ्याने उडतात तशी विखुरली नाहीत. एका बोटाने ढकलावी तशी सरळ गेली आणि थांबली.

मग पाइपातलं पाणी पुन्हा ऐकू यायला लागलं.

आतोबांनी आपली पानं न बघता खाली ठेवली. दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. त्यांना रडताना मी आत्याच्या वेळीही पाहिलं नव्हतं.

“सोडलं तिने,” ते म्हणाले. “सोडलं मला.”

मी उठून त्यांना पाणी आणून दिलं. त्यांना बिछान्यापर्यंत पोहोचवलं. मग बाहेर येऊन टेबल आवरायला लागले. टाकलेली पानं बघायची नाहीत, हा नियम मी तोवर कधी मोडला नव्हता.

त्या दिवशी बघितली.

तीन राण्या.

त्या पानांवर कोणीही सगळी बटणं लावली असती. फुग्याने लावली असती. आत्याने तर डोळे झाकून लावली असती.

“काय होतं गं तिच्याकडे?” आतून आतोबांनी विचारलं.

मी पानं कॅटमध्ये मिसळली.

“काही नव्हतं,” मी म्हणाले.

माझा ब्लफ तिला खरा वाटला, की तिने ओळखूनही पानं टाकली, हे मला कळलेलं नाही. मी त्यावर खूप विचार केला आहे. दोन्ही शक्यता मला रात्री झोपू देत नाहीत.

दादा येऊन आतोबांना घेऊन गेला. घर रिकामं झालं. टेबल एका सुताराने नेलं. बटणं, सगळ्या वाट्यांमधली, मी आत्याची गिऱ्हाईकं आता ज्या बाईकडे कपडे शिवायला टाकतात तिला दिली. मी मुद्दाम काहीही माझ्या घरी आणलं नाही. एक पानसुद्धा नाही.

आतोबा तिकडे रमले आहेत. दर रविवारी संध्याकाळी फोन करतात. नातीला पोकर शिकवतात. “आजीवर गेलीये. डोळ्यांत डोळे घालून थापा मारते,” असं म्हणतात. वजन वाढलंय म्हणे.

पहिल्याच फोनला त्यांनी मला विचारलं होतं, “इथे पानं वाटताना मी मुद्दाम थांबून बघतो. काही नाही गं. कोणी ठोकत नाही. तुझ्याकडे?”

मी स्वयंपाकघरात उभी होते. दिवा लावायचा होता. माझ्या मागे ओट्याची फळी...

ठक ठक.

“नाही,” मी म्हणाले. “काहीच नाही.”



“असतं तर आलो असतो गं परत. सामान काय, दोन पिशव्या.”

एका शब्दाचं काम होतं. पुढच्या रविवारी मला जिना चढून जायला घर असतं, आणि दार उघडायला माणूस.

मागे पुन्हा... ठक ठक. मी फोनवर तळहात दाबून धरला. मग काढला.

“नाही आतोबा,” मी म्हणाले. “इकडे सगळं शांत आहे.”

“बरं,” ते म्हणाले.

तेव्हापासून त्यांच्या फोनच्या वेळेला मी नळ सोडून ठेवते. गेल्या रविवारी बोलणं झाल्यावर नळ बंद केला, तेव्हा आवाज ओट्यावरून येत नव्हता. जेवायच्या टेबलावरून येत होता, माझ्या ताटाच्या अगदी शेजारून. तिथे मी दुसरी खुर्ची कधी ठेवलेली नाही.

“पाणी कसलं वाहतंय गं?” आतोबा विचारतात.

“भांडी घासतेय,” मी सांगते.

एका माणसाची भांडी घासायला एवढा वेळ कसा लागतो, हे त्यांनी अजून विचारलेलं नाही.